टाकीला फुटलेलं धुराडं

मध्य टेक्ससमध्ये शहराची वस्ती विरळ होऊ लागली, की घरांच्या मागे, पेकनच्या झाडांखाली, कुंपणाला खेटून पांढऱ्या टाक्या दिसू लागतात. आडव्या, लांबट, दोन्ही टोकांना गोलावलेल्या, लोखंडी पायांवर टेकलेल्या. गॅसची पाइपलाइन जिथवर पोचलेली नाही, तिथे त्यांच्यात प्रोपेन भरलेला असतो. हिवाळ्यात घर त्याच्यावर ऊब धरतं, स्वयंपाक त्याच्यावर होतो, आणि पिवळ्या गवताच्या त्या अफाट माळावर दुपारचं ऊन त्यांच्या पाठीवर असं काही झळाळतं, की लांबून जाणाऱ्याला वाटावं, एखादा ढग खाली उतरून विसावलाय. आत मात्र सगळं दाबून धरलेलं. उणे 42 अंशांनाही उकळून वाफ होऊ पाहणारा तो द्रव पोलादी भिंतींआड कोंडलेला, द्रव म्हणूनच राहायला भाग पाडलेला. अशा टाकीचं सगळं आयुष्य एकाच कामात जातं.

काही बाहेर जाऊ न देण्यात.

तशीच एक म्हातारी टाकी भंगारवाल्याकडून माझ्या अंगणात आली. अडीचशे गॅलनची, म्हणजे साडेनऊशे लिटरच्या आसपास. रंगाचे पोपडे उडालेले, पोटाखाली तांबेऱ्याचे नकाशे. इथल्या लोकांना अशी टाकी दिसली की त्यांच्या नाकाला आधी धूर जाणवतो. कारण मांस धुरावर संथपणे शिजवण्याचा जो पिट इथे घरोघरी मागच्या अंगणात असतो, तो पुष्कळदा अशाच टाकीतून घडवलेला असतो. ऑस्टिनच्या एरन फ्रँकलिन यांनी 2009 मध्ये एका ट्रेलरमधून असं मांस विकायला सुरुवात केली आणि पुढे त्यांच्या दारात सकाळपासून रांगा लागू लागल्या. त्यांचे पिट, म्हणजे स्मोकरही, हजार गॅलनच्या जुन्या प्रोपेन टाक्यांतून उभे राहिलेले. हे ऐकल्यापासून मला त्या पांढऱ्या टाक्यांकडे साधेपणाने बघताच येईना. प्रत्येकीच्या पोटात एक न पेटलेली रात्र आहे, असं वाटत राही.

रिकामी टाकी कधीच रिकामी नसते. प्रोपेन हवेपेक्षा जड, तो तळाशी दडून बसतो. ठिणगी पडली तर साऱ्या अंगणाचा घास घेईल. म्हणून आधी व्हॉल्व्ह काढून ती उघड्यावर ठेवली, मग साबणाच्या पाण्याने धुतली आणि शेवटी काठोकाठ पाण्याने भरली. पाणी चढत गेलं तसा तिच्यातून वर्षानुवर्षांचा वास वर आला. प्रोपेनला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. कुजट, घशात रुतून बसणारा तो वास. धोक्याची सूचना देण्यासाठीच त्याला तिथे पाठवलेलं असतं, आणि गॅस निघून गेला तरी तो इमानाने मागे राहतो.

ग्राइंडरची चकती पोलादाला टेकली तेव्हा ठिणग्यांचा पिसारा फुलला. चौकोन कापून झाला, दाराचा पत्रा सुटून खाली आला आणि घडल्यापासून पहिल्यांदाच त्या पोटात उजेड शिरला. मी वाकून आत पाहिलं. भिंतींवर ओल होती, तळाशी गंजाचं लाल पाणी होतं आणि त्यात निळ्या आभाळाचा एक तुकडा हलत होता.

वेल्डिंग मी इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकले होते. मुखवट्याच्या गडद काचेआड सारं जग विझतं आणि हिरवट उजेडाचा एकच थेंब उरतो. त्या थेंबाच्या काठाने हात चालवायचा, घाई न करता, श्वास सांभाळत. थांबलात तर पत्र्याला भोक पडतं, धावलात तर सांधा धरत नाही. माझी आजी गोधडीला धावदोरा घालायची तेव्हा तिचा हात असाच एका लयीत, न बघता, न अडखळता सरकत जायचा. बिजागऱ्या बसल्या, जाळी बसली. टाकीच्या एका टोकाला, थोडी खालच्या पातळीवर, आगीची पेटी जोडली. मग उरलं धुराडं.

सगळं मर्म त्या धुराड्यात आहे. आग एका टोकाला, वाट दुसऱ्या टोकाला. मध्ये जाळीवर जे मांडलेलं असेल, त्याच्या अंगावरून धुराने जायचं आणि निघून जायचं. तापलेली हवा हलकी होऊन नळीतून वर चढते, तिच्या मागे आगीकडून नवी हवा ओढली जाते, आणि साडेनऊशे लिटरचं ते निर्जीव पोट श्वास घेऊ लागतं. धुराडं आखूड पडलं किंवा त्याचं झाकण दाबून ठेवलं, की धूर आत रेंगाळतो, थंडावतो, भिंतींवर डांबरासारखा चिकटतो आणि अन्न कडू करून टाकतो. तोच धूर, तेच लाकूड. वाट मिळाली तर सुगंध, अडवला तर विष.

धुराड्याचा सांधा घासून गुळगुळीत करत होते आणि मनात रायगडातलं आमचं कौलारू घर उभं राहिलं.

त्या घरात धुराडं होतं. पण ते होतं बंबाला. न्हाणीत तांब्याचा घोटीव बंब होता. त्याच्या मधल्या नळीत काटक्या पेटवायच्या, धूर नळीतून सरळ वर जायचा, भोवतालचं पाणी कढत व्हायचं. सकाळी आधी पुरुषांच्या आंघोळी. स्वयंपाकघरातल्या चुलीला मात्र कुणी नळी बसवली नव्हती. आजी तिच्यापुढे उकिडवी बसायची, फुंकणीने फुंकायची. पावसाळ्यातलं ओलं सरपण धुमसत राहायचं, शेणी नुसत्याच धुपायच्या आणि धूर आढ्यापर्यंत जाऊन, कौलांच्या फटी चाचपून, पुन्हा तिच्याकडेच परत यायचा. तिचे डोळे नेहमी लाल असायचे. आम्हा पोरांना वाटायचं, आजीचे डोळे तसेच आहेत.

त्या धुराने घरावर उपकारही केले. चुलीवरचे वाशे काळे, लखलखीत झाले होते. त्यांना कधी भुंगा लागला नाही. बियाण्याची कणसं चुलीच्या वर टांगलेली असत, त्यांना पुढच्या पेरणीपर्यंत कीड शिवत नसे. वाशे टिकले, बियाणं टिकलं. आजीची छाती टिकली नाही. गॅसची शेगडी घरात आली तेव्हा खोकला तिच्या हाडांत मुरला होता, तरी ती शेगडीजवळ जाऊन बसायची आणि त्या निळ्या, बिनधुराच्या ज्योतीकडे अशी बघायची, जशी देवघरातली समई बघावी. त्या लाल सिलिंडरला तिने एकदा हळदकुंकू लावलं होतं.

आणि मी इथे, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, गॅसच्याच टाकीतून गॅस काढून तिच्यात धूर भरत होते.

ही गोष्ट मला कित्येक रात्री झोपू देईना. ज्या टाकीने माझ्या आजीला धुरातून सोडवलं, तिचीच मी हौसेने चूल करते आहे. हौसेचा धूर आणि सक्तीचा धूर यांचा रंग एक, वास एक. फरक एवढाच, की मला उठून जाता येतं.

पण इथला धूरही हौसेतून जन्मलेला नाही, हे हळूहळू कळत गेलं. पोलादी टाक्या येण्याच्या फार आधी अमेरिकेच्या दक्षिणेत जमिनीत लांबच लांब चर खणत, त्यांत लाकडं जाळून निखारे करत आणि रात्रभर जागून त्यावर अख्खी जनावरं भाजत. खणणारे, जागणारे, भाजणारे हात बहुतेक गुलामांचे होते. आगीची जाण त्यांची, मेजवानी मालकाची. 19 जून 1865 रोजी टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टनला मुक्तीचा हुकूम वाचला गेला. पुढच्या वर्षापासून तो दिवस साजरा होऊ लागला तेव्हा त्याच माणसांनी त्याच विद्येने, पण आता आपल्या माणसांसाठी, मांस भाजलं. आजही त्या दिवशी, जूनटीन्थला, अंगणाअंगणांतून तो धूर उठतो. त्याच्यात किती जणांचं जागरण मिसळलंय, कोण मोजणार?

लॉकहार्ट नावाचं छोटं गाव इथून लांब नाही. तिथलं क्रॉइट्स मार्केट 1900 सालचं, जर्मन खाटीक कुटुंबांच्या परंपरेतलं. 1999 मध्ये भावंडांची वाटणी होऊन दुकान नव्या इमारतीत गेलं, तेव्हा जुन्या पिटमधले जळते निखारे पत्र्याच्या टबात घालून रस्त्यावरून ओढत नव्या पिटपर्यंत नेले. जुन्या इमारतीत आज स्मिटीज आहे. तिथे दारातून आत शिरताच जमिनीवर उघडी आग जळत असते आणि भिंती आमच्या वाश्यांइतक्या काळ्या आहेत. मी त्या भिंतीला बोट लावलं. सकाळी शेजारणीकडून खापरीवर विस्तव आणणाऱ्या बायका डोळ्यांपुढून गेल्या, पदराने धग अडवत, घाईघाईने.

आणि लेक्सिंग्टनमधल्या स्नोज बार्बेक्यूच्या टूट्सी टॉमानेट्झ. जन्म 1935 चा. आठवडाभर शाळेत देखभालीचं काम करायचं आणि शुक्रवारची रात्र सरता सरता पिटवर हजर व्हायचं, असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ऐंशी ओलांडल्यावरही फावड्याने निखारे उचलून त्या पिटखाली पसरत होत्या. मी त्यांना पाहिलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आच होती, केसांत राख होती आणि धूर त्यांच्यापासून दूर, मोकळ्या आभाळाकडे चालला होता. मला फार बरं वाटलं. का, ते त्या वेळी कळलं नाही.

पहिला विस्तव केला तो जुना रंग आणि उरलासुरला वास जाळून टाकायला. मग आतून तेल पुसून पुन्हा तापवलं, पोलादाला काळसर साय धरू दिली. खरा स्वयंपाक त्यानंतरचा. इथे मान ब्रिस्केटला, पण आमच्या घरात गोमांस शिजत नाही. मी बोकडाचा खांदा निवडला. टेक्ससला त्याचंही वावडं नाही. ब्रेडी गावात 1974 पासून बोकडाच्या बार्बेक्यूची स्पर्धा भरते. मीठ, मिरी, बस. एका कोपऱ्यात चार वांगी ठेवली.

लाकूड पोस्ट ओकचं. प्रथम दाट पांढरा धूर आला, डोळ्यांना झोंबणारा, आजीचा धूर. मी आगीच्या पेटीचं दार किलकिलं केलं, हवा दिली, लाकडाने स्वच्छ ज्योत धरली, आणि धुराड्याच्या तोंडाशी धूर विरळ होत होत निळा झाला. इतका निळा, की आहे की नाही असा संभ्रम पडावा. कण जेव्हा अतिसूक्ष्म होतात तेव्हा ते निळा उजेड जास्त विखुरतात. आभाळ निळं दिसतं ते याच कारणाने. झाडाला जन्मभर ताठ उभं धरणारं लिग्निन आगीत मोडतं आणि त्यातून ग्वायाकॉल, सिरिंगॉल असे सुगंधी रेणू सुटतात. उभं राहण्याचं बळ होतं, ते जाता जाता दरवळ झालं.

रात्र चढत गेली. आतली धग 120 अंशांच्या आसपास ठेवायची, ना चढू द्यायची ना उतरू. मांस 65-70 अंशांपर्यंत तापतं आणि मग अडून बसतं. तासन्‌तास काटा हलत नाही. अंगातली ओल घाम होऊन उडत असते आणि बाहेरून मिळणारी सगळी ऊब तीच वाहून नेते. आत मात्र चिवट कोलॅजन सावकाश विरघळत असतं, जिलेटिन होत असतं. वरून पाहणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही. मी एक ओंडका सरकवायची, बसायची, रातकिडे ऐकायची. थंडीच्या दिवसांत शेतात पोपटी लावून, शेंगा भरलेल्या मडक्याभोवती बसायचो ते आठवायचं, वालाच्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याच्या पाल्याचा तो हिरवा, ओला, उग्र वास, आणि जाळाच्या उजेडात कधी नव्हे ती मोकळी हसणारी आजी. उघड्या शेतातल्या त्या धुराने तिचे डोळे लाल होत नसत. स्नोजच्या पिटवर मला का बरं वाटलं होतं, ते त्या रात्री उमगलं.

उजाडता उजाडता खांद्याचं हाड हाताने अलगद सुटलं. खरपूस कवचाखाली गुलाबी वलय धरलं होतं. वांग्याचं भरीत केलं, वर कच्चं तेल, मिरची, कांदा. पहिला घास वेगळा काढून ठेवला.

तुम्हाला कधी असा स्मोकर करावासा वाटला तर जरूर करा. टाकी पाण्याने भरल्याशिवाय मात्र चकती लावू नका, आणि जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरू नका, त्याच्या वाफा विषारी असतात. पण त्याआधी एक करा. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली, खेडोपाडी सिलिंडर पोचले. तरी भरून आणायला पैसे नसले की आपल्याकडच्या कितीतरी घरांत चूल पुन्हा पेटते, आणि त्या चुलीवर आजही धुराडं नसतं. पत्र्याची एक नळी, कौलांत एक भोक, अर्ध्या दिवसाचं काम. गावी जाल तेव्हा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात ते करून द्या.