पडद्यावरचा रोगी

आमच्या भाचीपाशीं सध्यां एक रोगी आहे. रात्रीं बारा वाजतां हांक मारली तरी तो कुरकुर करीत नाहीं, एकच प्रश्न चारदां विचारला तरी चिडत नाहीं, आणि त्याचें बोलणें मध्येंच तोडून ती जेवावयास उठली तरी परत आल्यावर आपल्या छातींतल्या दुखण्याची हकीकत तो पुन्हां पहिल्यापासून सांगूं लागतो. असा सोशिक रोगी परळच्या कोणत्याही इस्पितळांत आजवर दाखल झाला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. त्याचा मुक्काम संगणकाच्या पडद्यावर आहे.

भाची परळला वैद्यकी शिकते व आमच्याकडे दादरला राहते. रोग्याशीं कसें वागावें व कसें बोलावें हा विषय २०१९ पासून आपल्याकडील वैद्यकीच्या अभ्यासक्रमांत रीतसर दाखल झाला. विद्यार्थी त्याला ‘एटकॉम’ म्हणतात. पुढच्याच वर्षीं करोनाची सांथ आली, विद्यार्थ्यांस वॉर्डांत जातां येईना, आणि पडद्यावरच्या रोग्यांचें दैव उघडलें. मूळ कल्पना मात्र जुनी आहे. १९६३ सालीं लॉस एंजेलिस येथें हॉवर्ड बॅरोज या मज्जातंतुतज्ज्ञानें एका धडधाकट बाईस रोगिणीचें सोंग पढवून विद्यार्थ्यांपुढें बसविलें. हॉलिवुडच्या शेजाराचा हा परिणाम, अशी तेव्हां त्याची थट्टाही झाली. पुढें १९६६ त जोसेफ वायझेनबॉम यानें ‘एलायझा’ नांवाचें बोलकें यंत्र रचलें, पण त्यांत यंत्र डॉक्टर होतें आणि माणूस रोगी. त्याची स्वतःची चिटणीस त्या यंत्राशीं बोलूं लागली व थोड्याच वेळांत, जरा खोलीबाहेर जातां का, असें तिनें त्यालाच विचारलें! आतां भूमिकांची अदलाबदल झाली आहे इतकेंच.

एके संध्याकाळीं आम्ही भाचीच्या मागें खुर्ची ओढून बसलों. रोगी इंग्रजी बोलत होता, आणि तें आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांपेक्षां शुद्ध होतें हें कबूल केलें पाहिजे. मग भाचीनें त्याला मराठी बोलावयास लावलें. ‘मला श्वास घेण्यास त्रास होत आहे,’ असें तो म्हणाला, आणि ती हंसूं लागली. लालबागची म्हातारी असें बोलत नाहीं. तिला दम लागतो, तिचा जीव घाबरा होतो, हातापायांना मुंग्या येतात. आणि अधिक खोलांत शिरलें तर ‘कसंतरीच होतं बघा’ एवढेंच ती सांगते. त्या ‘कसंतरीच’चा अर्थ लावणें यांत निम्मी वैद्यकी असावी.

दुसरी अडचण याहून बारीक आहे, आणि ती इंग्रजी शिकविणारांच्या ध्यानांत आधीं येते. इंग्रज डॉक्टरला सर्वांसाठीं एकच सर्वनाम पुरतें. मराठींत तोंड उघडण्यापूर्वींच निवड करावी लागते: तूं कीं तुम्ही? आजी, मावशी, कीं नुसतें बाई? ‘आजी, जीभ दाखवा बघूं’ आणि ‘ए म्हातारे, जीभ दाखव’ यांत रोग एकच, जीभही एकच. पण दुसऱ्या प्रकारानें विचारलेली बाई पुढच्या प्रश्नाला खरें उत्तर देईलच असें नाहीं. भाचीनें मुद्दाम त्या पडद्यावरच्या गृहस्थास अरे-तुरे करून पाहिलें. त्याला कांहींच वाटलें नाहीं. परळचें सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालीं सुरू झालें, तेव्हां शिकविणारे सारे भारतीयच असावेत अशी अट देणगीदारांनीं घातली होती. अट अभिमानाची खरी. पण शिकविण्याची भाषा इंग्रजीच राहिली, आणि रोगी बोलत राहिले मराठींत.

म्हणून हें यंत्र टाकाऊ आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. चिरफाड शिकण्यासाठीं विद्यार्थ्यांस शव मिळतें. बोलावयास शिकण्यासाठीं मात्र आजवर जिवंत गरीब माणूसच मिळत आला आहे. गांवाहून येऊन टाटा रुग्णालयाबाहेर पदपथावर पथारी टाकणारीं कुटुंबें ज्यानें पाहिलीं आहेत, त्याला ह्याचा अर्थ सांगावा लागणार नाहीं. नवशिक्याचीं पहिलीं शंभर ओबडधोबड वाक्यें ज्याला लागत नाहींत अशा कोणावर तरी खर्चीं पडलीं, तर त्यांत गैर काय?

हें आम्ही इतक्या तळमळीनें कां लिहितों तें सांगितलें पाहिजे. दहा वर्षांपूर्वीं आमचे वडील बंधु एका इस्पितळांत होते. व्हरांड्यांत एका तरुण डॉक्टरनें, उभ्या उभ्या, हातांतल्या कागदांवरून नजर न काढतां आम्हांस सांगितलें, ‘आता काही करण्यासारखं नाही. घरी न्यायचं तर न्या.’ आठ शब्द! ते आम्ही दहा वर्षें मोजीत आहों.

परवां भाचीला वाईट बातमी सांगण्याचा सराव करावयाचा होता. २००० सालीं उत्तर अमेरिकेंतील कांहीं कॅन्सरतज्ज्ञांनीं अशा प्रसंगासाठीं सहा पायऱ्यांची एक रीत छापली, ती तिनें पाठ केली होती: निवांत जागीं बसावें, समोरच्याला काय ठाऊक आहे तें विचारावें, किती ऐकावयाचें आहे तें विचारावें, मग सांगावें, त्याच्या दुःखाला वाव द्यावा, आणि शेवटीं पुढचा बेत ठरवावा. पडद्यावरचा नातेवाईक तिसऱ्या मिनिटाला नेमका रडे. ती वैतागली व म्हणाली, ‘मामा, तुम्ही बसा बरं समोर.’

आम्ही बसलों. पहिल्या खेपेस तिनें घाई केली. दुसऱ्या खेपेस खुर्ची जवळ घेऊन तिनें हळूच विचारलें, ‘तुम्हांला आतापर्यंत काय काय सांगितलंय?’ नेमून दिलेली गोष्ट आम्हांस ठाऊक होती. पण तोंडून निघाली ती दुसरीच. व्हरांडा, कागद, आठ शब्द. भाचीनें हातांतला कागद खालीं ठेवला.

‘मोठ्या मामांचं ना?’ ती म्हणाली. आम्ही मान हालविली. बराच वेळ ती कांहीं बोलली नाहीं. हें मौन सहा पायऱ्यांपैकीं कोणत्या पायरीचें, तें आम्हीं विचारलें नाहीं. मग तिनें विचारलें, ‘आणि मामींना तुम्ही कसं सांगितलंत?’

वहिनींना आम्हीं सांगितलेंच नव्हतें. पंधरा दिवसांत हिंडूंफिरूं लागतील असें सांगितलें होतें. अकराव्या दिवशीं दादा गेले. त्या आधल्या संध्याकाळीं वहिनी त्यांच्यासाठीं नव्या चपला घेऊन आल्या होत्या. त्या तरुणानें निदान आठ शब्द तरी उच्चारले. तीस वर्षें भाषा शिकवून पोट भरणाऱ्या आम्हांला तेवढेही सुचले नव्हते.

वहिनी अजून गिरगांवांत त्याच चाळींत राहतात. या गोष्टीविषयीं त्यांनीं आम्हांस कधीं एका शब्दानें विचारलें नाहीं. येत्या रविवारीं भाची त्यांच्याकडे जेवावयास जाणार आहे. आम्हीही जाऊं म्हणतों.