बुडिताचं देणं

उजनी वजात गेली की सोलापुरात काळजी सुरू होते आणि भिगवणच्या पुढे कुंभारगाव, डिकसळच्या काठावर होडीवाल्यांचे फोन वाजायला लागतात. धरणाची पूर्ण क्षमता ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६४ टीएमसी मृतसाठा. पातळी त्याच्याही खाली उतरली की वर्तमानपत्रं टक्केवारी वजामध्ये छापतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा साठच्या घरात गेली होती. भीमेचं पाणी असं आत सरकत गेलं की काठाचा गाळ उघडा पडतो, पाण्याची खोली रोहित पक्ष्यांच्या तंगड्यांना मानवेल इतकी होते. मग मान उलटी करून, पायांनी चिखल ढवळून, चोचीतून पाणी गाळत हे पक्षी दिवसभर खात राहतात. धरण तुडुंब असलं तर त्यांना उभं राहायलाच जागा नसते. मी दोन्हीकडची आहे. घर सोलापुरात, जिथे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आणि जीव इथल्या चिखलात.

ही चिखलाची ओढ मला ज्यांनी लावली त्यांना मी नाना म्हणते. नाव लिहू नका, असं त्यांनीच बजावलंय. नाव छापून आलं की चौकशा वाढतात, असं त्यांचं मत आहे, आणि चौकशांचा त्यांना चांगला अनुभव आहे.

भिगवणच्या एका बँकेत माझी बदली झाली तेव्हा हे गाव मला फक्त मासळीसाठी ठाऊक होतं. सकाळी बाजारात लिलाव, दुपारी हायवेवरच्या हॉटेलांत तळलेल्या चिलापीचा वास, आणि आमच्या काउंटरवर किंचित ओलसर नोटा. नाना होडीच्या इंजिनासाठी कर्ज मागायला आले. कागदांत सातबारा नव्हता. मी विचारलं, तर म्हणाले, “हाय की जमीन. पर पान्याखाली हाय. तिच्यावर देता का कर्ज?” आमचे साहेब हसले. नाना हसले नाहीत. शेवटी दोन जामीनदारांवर कर्ज झालं. हप्ता कधी चुकला नाही, उलट तारखेच्या दोन दिवस आधी यायचे आणि म्हणायचे, “म्याडम, नुसतं पैसं मोजताय. एकदा पाणी बघायला या.”

गेले. पहाटेची वेळ होती, डिसेंबरातली थंडी. गळ्यात नवी दुर्बीण, हातात इंग्रजी पुस्तक. नानांनी पुस्तकाकडे बघितलं आणि ते होडीतल्या कोरड्या फळीवर नीट ठेवून दिलं. काही अंतर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. अर्धा तास ते काही बोलले नाहीत, मलाही बोलू दिलं नाही. समोर काळ्या अंगाच्या, पांढऱ्या कपाळाच्या वारकरी पक्ष्यांचा पसरलेला थवा होता. एकाएकी तो आवळला गेला, सगळे एकमेकांना चिकटले. “आता वर बघा,” नाना म्हणाले. वर दलदलीवरून फिरणारा भोवत्या होता. शिकारी पक्षी आधी आकाशात शोधायचा नसतो, तो पाण्यावरच्या पक्ष्यांच्या अंगात आधी दिसतो, हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं असतं कोण जाणे.

मग ती सवयच झाली. शेकाट्या, चमचे, मोर शराटी, चिखल्या, नदीसुरय, काठीवर बसून पंख वाळवणारे पाणकावळे. जागच्या जागी पंख फडफडवत हवेत थांबणारा आणि मग दगडासारखा खाली पडणारा कवड्या खंड्या. पट्टकदंब दिसले त्या दिवशी नाना मुद्दाम गप्प राहिले आणि मला ओळखायला लावलं. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या असलेले हे हंस मंगोलिया, तिबेट, लडाखच्या तळ्यांवर अंडी घालतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून येतात. त्यांच्या अंगावर यंत्र बसवून मोजलं तेव्हा सात हजार मीटरहून जास्त उंचीवर उडाल्याची नोंद मिळाली. मी हे नानांना सांगितलं. ते म्हणाले, “एवढं उडून आल्यावर भूक लागनारच,” आणि हंस ज्यांच्या हरभऱ्यात उतरतात त्या शेतकऱ्याच्या तक्रारी मला ऐकवल्या.

नानांची स्वतःची गोष्ट मात्र तुकड्यातुकड्यांनी कळली. बोलताबोलता ते वल्हं थांबवायचे आणि म्हणायचे, “हितं आमचं वावर हुतं.” किंवा, “हितनं शाळेला जायचा रस्ता.” धरण १९८० साली पूर्ण झालं, त्याच्या आधीच पाणी चढायला लागलं होतं. आमचं गाव उठलं, एवढंच ते म्हणतात. पर्यायी जमीन लाभक्षेत्रात, लांब, दुसऱ्या तालुक्यात मिळाली. थोरले भाऊ तिकडे गेले. नाना पाण्याच्या काठालाच राहिले. पिढीजात भोई नसताना ते मासेमारी शिकले. आधी ट्यूबवर, मग थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकली. बुडालेल्या गावाची वाकणं, विहिरी, चिंचेचे बुंधे त्यांना पाठ होते, त्यामुळे जाळं कुठे अडकतं आणि मासा कुठे दडतो हे इतरांना कळायच्या आत त्यांना कळायचं. पाण्याखालच्या शेताचं असं उत्पन्न त्यांनी काढलं.

आता माझं. मी मोहोळ तालुक्यातली. माझ्या लहानपणी आमचं रान जिरायत होतं. ज्वारी, करडई, आणि बाकी सगळं आभाळावर. मग उजनीचा कॅनॉल आला. दादांनी पहिल्यांदा ऊस लावला, विहिरीला पाझर फुटला, घरावर स्लॅब पडला. सोलापूरच्या कॉलेजची माझी फी कारखान्याच्या उसाच्या बिलातून भरली गेली. आमच्या गावाशेजारी तेव्हा एक नवी वस्ती झाली होती. तिला नाव नव्हतं. सगळे नुसतं ‘पुनर्वसन’ म्हणायचे. तिथली मुलं आमच्या शाळेत यायची, मागच्या बाकावर बसायची. आमच्या गावातल्या कुणाकुणाची जमीन त्यांच्यासाठी घेतली गेली होती, म्हणून त्यांच्याबद्दल घरोघरी बोललं जायचं, आणि चांगलं बोललं जायचं नाही. ती मुलं कुठून उठून आली हे त्या वेळी आमच्या भूगोलात नव्हतं.

हे सगळं मी नानांना फार उशिरा सांगितलं. त्याआधी त्यांच्याकडून घेतच राहिले.

त्यांचा एक प्रसंग मला सांगितलाच पाहिजे. रविवार होता, काठावर गाड्यांची रांग. मोठमोठ्या लेन्स घेतलेल्या चौघांच्या होडीत एक जागा होती म्हणून मीही बसले. रोहितचा थवा दिसताच नानांनी नेहमीसारखं लांबच इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी अलगद थोडी पुढे ढकलून थांबवली. चौघांपैकी एक म्हणाला, “काका, जरा उडवा ना त्यांना. उडताना पंख मस्त येतात. पाचशे जास्त घ्या.” पंखांखालचा गुलाबी-लाल आणि काळा रंग उडतानाच दिसतो, हे खरंच. नाना म्हणाले, “ते जेवाय बसल्यात. जेवनाऱ्याला उठवत नसत्यात.” पाचशेचे हजार झाले. नानांनी होडी वळवली आणि ठरलेल्या भाड्यातले निम्मे पैसे त्यांना परत दिले. त्या आठवड्यात त्यांच्याबद्दल वाईट अभिप्राय लिहिले गेले, गिऱ्हाइकं तुटली. काठावरच्या तरुण पोरांनी त्यांना वेड्यात काढलं. आज त्यातलीच बरीच पोरं थव्यापासून लांब थांबतात. मला वाटतं, पक्षिसंवर्धनाच्या सभांमध्ये जे ठराव होतात त्यांच्यापेक्षा ती एक वळवलेली होडी जास्त कामाला आली. शास्त्राच्या भाषेत सांगायचं तर, पुन्हा पुन्हा उठवलेला पक्षी खाण्यावर घालवायचा वेळ आणि ताकद उडण्यात घालवतो, आणि शेवटी ती जागाच सोडतो. नानांना शास्त्राची गरज पडली नाही.

त्यांच्या होडीत एक छोटा विळा असतो. सोडून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत टिबुकल्या आणि वारकरी गुरफटून बुडतात. जिवंत सापडला तर तोडून सोडवायचा. बारीक आसाच्या जाळ्यांवरून त्यांची आपल्याच भावकीशी भांडणं झाली आहेत, कारण त्या जाळ्यांत बोटाएवढं मत्स्यबीजही निघतं आणि मग पुढच्या वर्षी माणसालाही मासा नाही आणि पक्ष्यालाही नाही. वाळू उपसणाऱ्या यांत्रिक बोटींपुढे मात्र त्यांचं काही चाललं नाही. त्याबद्दल ते बोलत नाहीत, मीही विचारत नाही.

पाण्याचं काय? पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा, भीमेतून इथेच येऊन साचतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, वास येतो, अंगाला लागलं तर खाज सुटते. पक्षी भरपूर दिसतात म्हणजे जलाशय निरोगी आहे, असं लिहिणाऱ्यांना एकदा एप्रिलमध्ये या होडीत बसवलं पाहिजे. शेवाळ आणि चिखलातले बारीक जीव वाढले म्हणून रोहितची पंगत बसते. पण माशांच्या जाती घटत जातात आणि चिलापी तेवढी उरते. “पयली आमी हेच पाणी ओंजळीनं प्यायचो,” नाना सांगतात, आणि होडीत बिसलरीची बाटली पुढे करतात.

पक्ष्यांची मराठी नावं मला मारुती चितमपल्ली यांच्या पक्षिकोशाने दिली. तेही आमच्या सोलापूरचेच. वनखात्यात नोकरी करताना नवेगावबांधच्या माधवराव पाटलांकडून आणि जंगलात राहणाऱ्या माणसांकडून आपण किती शिकलो, हे त्यांनी वारंवार सांगितलं. त्यांच्या आणि सालिम अलींच्या वाढदिवसांना धरून, ५ ते १२ नोव्हेंबर, राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात मी सोलापूरच्या शाळांतली मुलं घेऊन नानांकडे जाते. कार्यक्रमपत्रिकेवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव असतं. मुलं मात्र तासाभरात नानांच्या बाजूला सरकलेली असतात. त्यांच्याकडे गोष्टी असतात, माझ्याकडे यादी.

मग २०२४ चा मे आला. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पूर्ण उघडं पडलं, ते बघायला जत्रा लोटली. त्याच महिन्यात वादळात कुगावहून कळाशीकडे येणारी होडी उलटली आणि सहा माणसं गेली. गावं उठली तसे रस्तेही बुडाले, म्हणून या काठाहून त्या काठाला लोक होडीनेच जातात, आणि होडीत जीवरक्षक जाकिटं असतातच असं नाही. नाना त्या दिवसांत फार कमी बोलत होते. एका सकाळी त्यांनी मला होडी न काढता चालत नेलं. भेगाळलेल्या गाळावरून, शिंपल्यांवरून, बरंच आत. एका ठिकाणी थांबून त्यांनी पायाने माती सारली. खाली विहिरीच्या दगडी कड्याचा अर्धा वळसा होता. “ही आमची हीर.” तिथून पावलं मोजत गेले आणि बांधाचा दगड दाखवला. पलीकडे कुणीतरी गाळपेर केली होती, कलिंगडाचे वेल पसरले होते, आणि त्यांच्या कडेने टिटवी ओरडत पळत होती, म्हणजे अंडी जवळच असणार. आम्ही वाट बदलली.

तिथेच मी बोलले. मोहोळ, कॅनॉल, दादांचा ऊस, कॉलेजची फी, पुनर्वसनची मुलं. नानांचे भाऊ गेले ती वस्ती आमच्या गावापासून दोन कोसांवर होती, हेही त्याच दिवशी जुळलं. मी बोलायची थांबले, तेव्हा त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं आणि विचारलं, “एकरी किती टन पडतो वो तुमच्याकडं?”

“पन्नास-साठ.”

“कमीच की,” विहिरीच्या कड्यावर बसत ते म्हणाले. “आमच्या ह्या मातीत नव्वद निघाला असता.”

त्यानंतर त्यांनी मला मातीबद्दल जे सांगितलं ते कुठल्याही कृषी अधिकाऱ्याने लिहून घ्यावं असं होतं. पक्ष्यांचं नावही त्या दिवशी निघालं नाही.

माझी नोकरी संपली होती, हातात थोडे पैसे होते. पावसाळ्याआधी मी नानांच्या होडीसाठी आणि त्यांच्या पुतण्याच्या होडीसाठी जीवरक्षक जाकिटं घेतली, लहान मुलांच्या मापाचीही. नानांनी ती मोजून घेतली, पण फुकट घेईनात. शेवटी ठरलं ते असं, की हे कर्ज. माझ्या प्रत्येक फेरीचं भाडं त्यातून वळतं करायचं. “बँकेच्या बाईनं कागद केला पायजे,” म्हणाले आणि नातीला शाळेची जुनी वही आणायला लावली. ती वही आता होडीच्या डब्यात, विळ्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत असते. फेरी झाली की नात तारीख लिहिते, रक्कम लिहिते, नाना अंगठ्याशेजारी सही करतात. सही येत असूनही अंगठा का, तर दोन्ही असलेलं बरं.

फेरीचं भाडं ते निम्मंच लावतात. शिवाय मध्येच कधी माझ्या जेवणाचे पैसे उलटे माझ्याच नावावर जमा धरतात, म्हणजे बाकी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. इतकी वर्षं खातेवह्या तपासल्या असल्यामुळे हे मला दुसऱ्याच पानावर दिसलं. मी काही बोलले नाही. परवा फोन आला होता: पाणी उतरायला लागलंय, रविवारी येऊ नका, मंगळवारी या, पट्टकदंब अजून हायती, आणि येताना नातीसाठी मराठीतलं पक्ष्यांचं पुस्तक घेऊन या, त्याचे पैसे वहीत मांडू.