पाणी खालून घुसते

वार्निश पांढरं पडलं की वरून आणखी एक हात मारायचा, एवढंच मला ठाऊक होतं. खरं तर बपेऱ्यात, बावनथडीच्या काठी राहून डोंग्याला वार्निश लावायचं हाच आगाऊपणा. इथले ढिवर डोंग्याला डांबर चोपडतात नि मोकळे होतात. कोकणात त्याच कामाला काजूच्या टरफलांचं तेल वापरतात. माझ्या डोंग्याचा काठ आणि बसायची पाटली मात्र चांगल्या सागाची होती. त्या शिरा डांबराखाली झाकायला मन धजेना.

तुमसरहून आणलं ते घरातल्या कपाटाला लावायचं वार्निश. ते वाळून कडक होतं, आणि डोंग्याचं लाकूड पावसात फुगतं, मे महिन्यात आकसतं. म्हणजे तडे जाणारच. जहाजांच्या डोलकाठ्यांसाठी निघालेल्या स्पार वार्निशमध्ये तेल जास्त असतं, ते लाकडासोबत थोडं ताणलं जातं, आणि चांगल्या प्रतीच्या मालात ऊन अडवणारं द्रव्यही असतं. ते नसलं तर ऊन पारदर्शक थरातून आरपार जाऊन लाकडाच्या वरच्या तंतूंना बांधून ठेवणारं लिग्निन तोडतं. वरून चकाकी दिसते, खालची पकड सुटलेली असते. माझ्या काठाला नख लावलं की कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा निघायचा. आणि मी त्या पापुद्र्यावरच नवा हात मारत होतो!

मध्ये चपड्याचीही हौस झाली. गोंदियाकडची लाख, आपल्या भागातली वस्तू, म्हणून अस्तराला चपडा पॉलिश मारलं. चपड्याला ओल सोसत नाही, तो पांढरा पडतो, हे शाळेच्या टेबलावर ओला पेला ठेवून उठलेला डाग पाहिलेल्या माणसाला तरी कळायला हवं होतं. खिळ्यांची भोकं बुजवली ती भुसा आणि पांढऱ्या गमाच्या लगद्यानं. तो पाण्यात मऊ झाला.

शेवटी ढिवर मोहल्ल्यातल्या काकांनी डोंगा उलटा करायला लावला आणि फळीच्या उघड्या टोकावर बोट ठेवलं. "गुरुजी, वरून कितीबी चोपडा जी, पानी त इथून घुसते न." लाकूड टोकाकडून पाणी ओढतं, आणि मी टोकांना ब्रश लावलाच नव्हता; ती दिसत नव्हती म्हणून.

मग सगळं खरवडलं. त्यातही घाई नडली. तारेच्या ब्रशनं घासलं, त्याचे बारीक तुकडे शिरांत अडकले, गंजले, आणि सागावर काळे ठिपके उमटले. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलीत भेटलं की असं होतं. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यानं ते ठिपके गेले. ते विषारी असतं, हातमोजे घालूनच काम करायचं, नंतर भरपूर पाण्यानं धुवायचं आणि लाकूड पुरतं वाळू द्यायचं. इथे मात्र मी धीर धरला.

साग तेलकट, म्हणून थिनरचा बोळा फिरवून लगेच पहिला हात दिला, निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ केलेला. टोकांना तो पिईल तितका पाजला. धारदार कडा पॉलिश पेपरनं गोल केल्या, कारण धारेवरून वार्निश ओघळतं आणि थर तिथंच पातळ राहतो. पुढचे हात सकाळी दव वाळल्यावर आणि दुपार चढायच्या आत. एकदा थंडीत संध्याकाळी लावलं, तर रात्रीच्या दवानं सगळी चकाकी मेली. तो थर पुन्हा घासून काढावा लागला.

बुडाला आता डांबरच आहे. काठ आणि पाटली सागाच्या रंगात दिसतात. पापुद्रा सुटायची वाट न पाहता चकाकी मंदावली की हलकं घासून नवा हात देतो. एका खिळ्याभोवतीचा डाग मात्र काळाच आहे. तो लोखंडी खिळा काढून पितळी स्क्रू बसवायचा राहिलाय, तोवर तिथे ॲसिड लावून काही उपयोग नाही.