जागा शिल्लक नाही

माझ्या फोनला दिवसातून चार वेळा एकच वाक्य सुचायचे : जागा शिल्लक नाही. एस. टी.च्या कंडक्टरलाही हे इतक्या वेळा म्हणावे लागत नसेल. आणि कंडक्टर निदान म्हणता म्हणता आणखी दोघांना आत घेतो. फोन घेत नसे. मग मी पुसत बसायची. मामांनी पाठवलेली सुप्रभाताची गुलाबे, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, परीक्षेच्या आदल्या रात्री काढलेले मैत्रिणीच्या वहीचे फोटो. अंगण झाडावे तसे रोज झाडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाने पडलेलीच!

२०२५ च्या मे महिन्यात तो फोन कायमचा गप्प झाला. त्याच्या पोटात माझ्या आजीच्या चौसष्ट ओव्या होत्या.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, हे सरांनी वर्गात सांगितले होते. आमच्या माण तालुक्यातल्या वाडीवर कोणी आले नव्हते. तेव्हा हे काम आपले, असे मी ठरवले. पण नुसते बसून आजीला ओवी आठवेना. "हाताला खुंटा लागल्याबिगर गळ्यात येत न्हाई," म्हणाली. परसातले जाते आत आणले, धुतले, नवा खुंटा ठोकला, मूठभर ज्वारी घातली. तेव्हा कुठे पहिली ओवी आली. २०२४ च्या दिवाळीत तीन रात्री हे चालले होते.

दुरुस्तीवाला म्हणाला, "बोर्ड गेलाय. नवीनच घ्या." म्हटले, फोन जाऊ द्या, आतले तेवढे काढून द्या. तो हसला. माणूस वाईट नव्हता. त्याने समजावून सांगितले की हल्लीच्या फोनांत सगळा साठा कुलपात असतो आणि कुलपाची किल्ली त्याच बोर्डावर. चोरासाठी केलेले कुलूप, बाहेर राहिली मालकीण! दुसरीकडे प्रत ठेवायची असते म्हणे. ती फुकटची जागाही गुलाबांनी भरली होती. फिलिप्सने १९६३ साली काढलेल्या कॅसेटची फीत गुंतली, तर पेन्सिल घालून फिरवता यायची. इथे पेन्सिल घालणार कुठे?

आजीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तुज्या त्या डबड्याला एकदा दिल्यात न्हवं? मग त्यातनंच काड."

मी चिडले. या नव्या यंत्रांनी कसे वाटोळे केले, जात्याचे दिवस कसे खरे, असले बरेच बोलले. (हा लेखही खरे म्हणजे तसाच लिहायचा होता.) आजीने निवडायची सूप खाली ठेवली.

"कुनाचं गं दिवस? तीन वाजता उठून अकरा मानसांचं दळान. पोट दुखतंय म्हनून कुनी सोडत नव्हतं. वाडीत गिरन आली तवा म्या नारळ फोडलाय."

"पण ओव्या गेल्या, त्याचं काय?"

"गेल्या. पाठ ऱ्हायली."

यावर मला उत्तर नव्हते. अजूनही नाही. तिच्या पाठीच्या बदल्यात मला चौसष्ट ओव्या हव्या होत्या, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? आणि तिने गिरणीला नारळ फोडला तसा मी या फोनला का फोडू शकत नाही, तेही कळत नाही. गिरणीने ज्वारी घेतली, तर पीठ परत दिले, एवढे मात्र खरे.

नवा फोन हप्त्यावर घेतला. आजीने तो उलटसुलट करून विचारले, "ह्यात किती मावत्यात?" म्हटले, हजारो. "येवढ्या कुठनं आनू?" म्हणाली, आणि आपणच जात्याकडे सरकली. आता दम लागतो. दोन ओव्या झाल्या की थांबते. मी फोनही लावते आणि वहीतही लिहिते. वहीच्या पानांत पीठ जाते. आतापर्यंत एकोणीस परत आल्या आहेत. त्यांतल्या सहा मागच्या वेळच्या नव्हेतच, असे मला वाटते. पण ताडून पाहायला काही नाही.