खाल्ल्या मिठाला जागलेलं गाव

पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटलं की आपण चार तांदळाचे दाणे टाकतो, झाकण घट्ट लावतो आणि कामाला लागतो. पण अख्खं गावच मिठावर उभं असेल आणि त्या मिठाला पाणी सुटलं तर? पोलंडमधल्या व्हिएलिच्का गावावर ही पाळी आली होती.

क्राकूव्ह शहरापासून हे गाव जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटर. वरून साधंसुधं, खरं वैभव जमिनीखाली. पावणेचारशेच्या वर लाकडी पायऱ्या उतरताना माझे गुडघे कुरकुरू लागले. वर यायला लिफ्ट आहे म्हटल्यावर जीव भांड्यात पडला! मीठ म्हणजे पांढरंशुभ्र, हे मात्र विसरा. इथलं मीठ करडं, थेट दगडासारखं. भिंतीला बोट लावून चाखलं तेव्हा कुठे खात्री पटली.

हंगेरीची राजकन्या किंगा लग्न होऊन पोलंडला आली. माहेरच्या मिठाच्या खाणीत तिनं अंगठी टाकली आणि ती इथल्या पहिल्या मिठाच्या ढेकळात सापडली, अशी दंतकथा. माहेरहून मीठ आणणारी लेक! कथा राहू द्या, पण तेराव्या शतकापासून इथं मीठ खणलं गेलं हे खरं. 1364 मध्ये क्राकूव्हला विद्यापीठ निघालं, तेव्हा प्राध्यापकांचे पगार या मिठाच्या उत्पन्नातून ठरले. मी अर्धवेळ का होईना, शिक्षिका. मला याचं भारी अप्रूप वाटलं.

खाली काम जिवावरचं. अंधार, पाणी, पेट घेणारा वायू. म्हणून कामगारांनी आतच प्रार्थनास्थळं कोरली. सर्वांत मोठं किंगाच्या नावाचं, 101 मीटर खोल. 1896 मध्ये काम सुरू झालं आणि सदुसष्ट वर्षं चाललं. मूर्ती, जमीन, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे! यूझेफ आणि तोमाश मार्कोव्स्की हे भाऊ व आन्तोनी विरोदेक या खाणकामगारांची ही करणी. कलाशाळेचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं.

1978 मध्ये युनेस्कोच्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत खाणीचं नाव आलं. पण बाहेरून आत खेळवलेल्या हवेतल्या दमटपणानं मूर्ती झिजू लागल्या. 1989 मध्ये ती संकटग्रस्त वारशांच्या यादीत गेली. मग हवा कोरडी करणारी यंत्रं बसली आणि 1998 मध्ये ते नाव त्या यादीतून निघालं. विक्रीसाठी मीठ खणणं 1996 मध्येच थांबलं होतं. पण खाण जपायला खाणकामगार आजही रोज खाली उतरतात.

ज्या मिठानं सात शतकं पोसलं, ते आता काही देत नाही म्हणून गावानं त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. घरी आल्यावर मिठाची बरणी पुसताना हेच मनात आलं. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते आणखी काय असतं हो?