सिसिलीत कुठं उतरायचं?

सिसिलीला जायचं ठरलं तेव्हा बहुतेकांनी एकच नाव सुचवलं, ताओर्मिना. समोर समुद्र, मागे एटना, वर ग्रीक नाट्यगृह. देखणं गाव, वादच नाही. पण सोबत अब्बा होते. अंबड तालुक्यात चाळीस वर्षं मोसंबी केलेला माणूस हॉटेलच्या गच्चीत किती वेळ बसणार? त्यांनी एवढंच विचारलं, "उधर खेत हय क्या?"

मग मी नकाशा पश्चिमेकडून पाहायला घेतला. पहिलं नाव निघालं माझारा देल वाल्लो. 827 साली इफ्रिकियाहून आलेलं अघलबी सैन्य इथं उतरलं. खरं सांगायचं तर त्या एका वाक्यासाठी मी हे गाव निवडलं. अंदलूस, सिसिली म्हटलं की आपली छाती उगाच फुगते. पण त्या गोष्टीचं दुसरं टोकही वाचायला हवं. 1091पर्यंत नॉर्मनांनी बेट पूर्ण घेतलं आणि तेराव्या शतकात दुसऱ्या फ्रेडरिकने उरलेल्या मुसलमानांना इटलीच्या मुख्य भूमीवर, लुचेराला नेऊन वसवलं. 1300 साली ती वस्तीही मोडली. माझाराच्या अरुंद गल्ल्यांत आज जे मुसलमान दिसतात ते त्यांचे वंशज नव्हेत. 1960च्या दशकापासून मासेमारीच्या बोटींवर मजुरीला आलेली ती ट्युनिशियन कुटुंबं. त्यांच्यातल्याच एका खानावळीत आम्ही दोन दिवस मासळीचा कुसकुस खाल्ला. हलालचा प्रश्न पुढेही मासळीनेच सोडवला.

शेतावरचा मुक्काम निवडणं जास्त कठीण गेलं. इटलीत शेतघरात पाहुणे ठेवण्याला 'आग्रितुरिस्मो' म्हणतात. शेती हाच मुख्य धंदा राहिला पाहिजे असं तिथला कायदा सांगतो. तरी फोटोंत पोहण्याचा तलाव आणि शोभेला चार ऑलिव्हची झाडं, असंही बरंच दिसलं. म्हणून मी सगळ्यांना एकच प्रश्न पाठवला: एप्रिलमध्ये शेतात काय काम चालू असतं? एकाने तलावाचे आणखी फोटो पाठवले. रिबेराच्या बाईंनी लिहिलं, शेवटची संत्री उतरवतोय, झाडांना फुलंही येतील, झोपताना खिडकी उघडी ठेवा. रिबेरा संत्र्यांचं गाव. तिथेच पैसे भरले.

आधी अग्रिजेंतोला गेलो. अब्बांनी ग्रीक देवळं दहा मिनिटांत पाहिली आणि त्यांच्या पायथ्याच्या कोलिंबेत्रा बागेत दोन तास काढले. जमिनीखालच्या जुन्या बोगद्यांतून झिरपणारं पाणी पाटाने लिंबू-संत्र्यांना जातं. प्रत्येक पाट कुठं वळतो ते त्यांना पाहायचं होतं.

रिबेराच्या बागेत बाईंनी पाण्याचा हौद दाखवला. म्हणाल्या, 'जेब्बिया'. पाटाला 'साया', फुलोऱ्याला 'झागरा'. अरबीतले जाबिया, साकिया, जहर. उर्दू शायरीतला साकी त्याच साकियाच्या धातूतला. माणसं हाकलली गेली, पण पाण्याला लागणारे शब्द तिथेच राहिले. मी हे अब्बांना उत्साहाने सांगत होतो. त्यांचं लक्ष हौदाच्या भिंतीवर होतं. पाण्याची जुनी रेघ वर होती, पाणी बरंच खाली.

"गये साल पानी नै था इनको," ते म्हणाले.

मी बाईंना विचारलं. खरंच होतं. 2024च्या दुष्काळात अग्रिजेंतो शहरात नळाला पाणी पाळीने येत होतं आणि इथं बागा वाळत होत्या. त्यांची काही झाडं गेली, काही वाचली. अब्बा ऐकत होते. 2013च्या उन्हाळ्यात टँकर परवडेना म्हणून त्यांनी आमची तीनशे झाडं तोडली होती. त्या दिवसाबद्दल ते घरात कधी बोललेले नाहीत. इथं मात्र, मी भाषांतर करायच्या आधीच, त्यांनी बाईंना तीन बोटं दाखवून हाताने कुऱ्हाडीची खूण केली. बाईंनी मान हलवली.

बाकी बागेला ठिबक आहे. घराजवळच्या लिंबांना मात्र अजून पाटानेच पाणी देतात. संध्याकाळी हौदाचं तोंड उघडलं तेव्हा अब्बांनी चपला काढल्या, पायजमा खोचला आणि बाईंच्या मुलाकडून फावडं मागून घेतलं. एक आळं भरलं की माती ओढून दारं बंद, पुढचं उघड. चौथ्या झाडापर्यंत मुलगा बाजूला उभा राहून पाहत होता, मग तो घरात निघून गेला.