गाडीखालचा पुठ्ठा

इंजिन बांधून हेराल्ड घरी आली, त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर हिरवा डाग दिसला. अब्बा काही बोलले नाहीत. आत जाऊन टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन आले, तो गाडीखाली सरकवला आणि चहाला बसले.

त्यांचं न बोलणंच मला लागलं. पन्नास वर्षं त्यांनी या गाडीत बोअरचं पाणी ओतलं होतं आणि ती कधी गळली नव्हती. 'आता कूलंटच घालायचं' हा हट्ट माझा. इंजिनावर नेमका किती खर्च झाला, हेही मी घरात नीट सांगितलेलं नव्हतं.

कसबा बावड्यात जुन्या गाडीचं कौतुक लोकांना आहे. दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बाहेर पडते, ती बघायला सगळं कोल्हापूर लोटतं. आमची मात्र मद्रासच्या स्टँडर्ड मोटर कंपनीची 1967ची, 948 सीसीची साधी घरगुती गाडी. तरी तिचं खानदान मोठं. 1962ला ट्रायम्फने स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली, तिच्यातलं 1147 सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. दोन्ही गाड्यांचा आकारही एकाच इटालियनाने काढलेला, मिकेलोटीने. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. दुरुस्ती करणाऱ्याला याहून मोठा दिलासा नाही.

तरी गळती सापडेना. थेंब पडत होता मागे, इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे. होजच्या क्लिपा आवळल्या, वॉटर पंपाचं गॅस्केट बदललं, थर्मोस्टॅटचं झाकण पुन्हा बसवलं. फरक शून्य. थंड गाडी कोरडी असायची. बावड्यातून शिये नाक्यापर्यंत जाऊन आलं की थेंब सुरू. मिस्त्री म्हणाले, "ब्लॉकला तडा असंल तर विषय संपला, भाई. ह्यो ब्लॉक आता कुठं मिळायचा?" त्या रात्री मला झोप नव्हती. तडा म्हणजे गाडी भंगारात, आणि ती अब्बांच्या डोळ्यांदेखत जाणार.

गरम झाल्यावरच का गळतं, याला कारण आहे. कोल्हापूर समुद्रापासून साडेपाचशे मीटर उंच, इथे उघड्या भांड्यातलं पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. रेडिएटरचं 7 पौंडाचं झाकण आतला दाब वाढवतं, मग तेच पाणी 110 पर्यंत तग धरतं. पण तोच दाब प्रत्येक फटीत शिरून बघतो.

शुक्रवारी नमाजनंतर चाचा आले. त्यांची सगळी नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत, कोअर शॉपमध्ये गेली. त्यांनी आधी डिपस्टिक काढून पाहिली. तेल दुधाळ नव्हतं. झाकण काढून गाडी सुरू करायला लावली, रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते. म्हणजे हेड गॅस्केट बहुधा ठीक. इंजिन थंड झाल्यावर त्यांनी ब्लॉक कोरडा पुसला आणि घरातली टाल्कम पावडर त्यावर उडवली. रेडिएटरच्या तोंडाला नळी जोडून मी सायकलच्या पंपाने हवा भरत होतो, दाबाचा काटा 7 वर.

दहा मिनिटांत पांढऱ्या पावडरीवर ओली रेघ उमटली. सुरुवात सगळ्यात मागच्या वेल्श प्लगच्या कडेला. तिथून पाणी ब्लॉकच्या कडेने मागे जाऊन गिअरबॉक्सपाशी टपकत होतं. चाचा म्हणाले, "जहाँ टपकता, वहींच फूटा ऐसा थोडीच रहता."

मग त्यांनी मला ते बूच समजावलं. अमेरिकेत याला फ्रीझ प्लग म्हणतात, पाणी गोठून फुगलं तर बूच उडावं आणि ब्लॉक वाचावा म्हणून. बऱ्याच मेकॅनिकांचीही तीच समजूत. चाचा हसले. बावड्यात कुठला बर्फ! ब्लॉक ओतताना पाण्याच्या वाटा पोकळ राहाव्यात म्हणून आत वाळूचा कोअर ठेवतात. तो अधांतरी राहत नाही, त्याला साच्यात टेकू लागतो. ओतकाम झाल्यावर त्या टेकूंच्या जागी भोकं उरतात, त्यांतूनच वाळू झाडून काढायची आणि मग बुचं मारायची. म्हणजे हे भोक इंजिनवाल्याचं नव्हे, कोअरवाल्याचं. तीस वर्षं आम्ही त्यांना खोकताना ऐकलं, पण ते तिथे नेमकं काय करायचे, हे मी कधी विचारलं नव्हतं.

चूक माझीच निघाली. इंजिन बांधताना पैसे वाचवायला 'दिसायला चांगली आहेत, राहू द्या' म्हणून जुनी बुचं मीच ठेवायला लावली होती. बोअरच्या पाण्याचा थर आणि गंज यांनी ती आतून बुजलेली. ब्लॉक धुताना तो थर गेला, आणि नवं पाणी गंजाने खाल्लेल्या कडेतून बाहेर पडू लागलं.

बूच एका बाजूला छिद्र पाडून उचकटलं. बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, कडेला सीलंट लावलं आणि पितळेचं नवं, वाटीसारखं बूच बेताच्या सॉकेटने सरळ ठोकलं. पितळ गंजत नाही. बाकीचीही सगळी बदलली. खर्चाचा खरा आकडा त्याच दिवशी अब्बांना सांगितला. ते म्हणाले, "मला गॅरेजवाल्याने कधीच सांगितलाय."

दुसऱ्या दिवशी राजाराम बंधाऱ्यापर्यंत जाऊन आलो. पुठ्ठा कोरडा. अब्बांनी तो अजून काढलेला नाही. परवा त्यावर पुन्हा एक डाग दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. बोट लावून पाहिलं, तर तेलाचा होता.